आधी लंडन, मग डब्लिन

प्रश्न : मी ६१ वर्षांची असून माध्यमिक शाळेत ३१ वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाले आहे. यजमानांना जाऊन दोन वर्षे झाली. येत्या मे महिन्यात तीन आठवडे इंग्लंड आणि आयर्लंड पाहावे आणि जमल्यास उत्तर आयर्लंडमधील ‘जायंट्स कॉजवे’ येथील बेसाल्टचे खांबही पाहावेत, अशी फार दिवसांची इच्छा आहे. सहल कंपनीकडे चौकशी केली, तर एकटीसाठी खोलीचा जादा आकार आणि नऊ दिवसांत चौदा शहरे, असा कार्यक्रम हाती आला. एकटीनेच जावे असे मनाने घेतले आहे, पण मुलगा म्हणतो, ‘आई, या वयात एकटीने परदेशात कशाला?’ मी शाकाहारी आहे, इंग्रजी वाचते पण बोलताना अडखळते आणि गुडघे थोडे कुरकुरतात. हे खूळ आहे का? नसेल, तर आखणी कशी करावी?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर :

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

हे खूळ नाही. तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मला त्यात हट्टापेक्षा तयारी अधिक दिसली. ज्या व्यक्तीला आपल्याला काय पाहायचे आहे हे नेमके ठाऊक असते, तिच्यासाठी एकट्याचा प्रवास सोपा असतो, आणि तुम्हाला ते ठाऊक आहे. म्हणून माझा पहिला सल्ला असा, की लोक जी ठिकाणे पाहतात त्यांची यादी बाजूला ठेवा आणि ३१ वर्षे तुम्ही जे फळ्यावर काढून दाखवले, ते पाहण्यासाठी जा. तुमचा सगळा मार्ग त्यावरूनच ठरेल.

आराखड्यापूर्वी व्हिसा, कारण त्यावर प्रवासाचा क्रम ठरतो. युनायटेड किंगडम आणि आयर्लंड हे दोन वेगळे देश असून त्यांचे व्हिसाही वेगळे आहेत. युरोपातील शेंगेन व्हिसा यांपैकी कोठेही चालत नाही. मात्र भारतात अर्ज करणाऱ्या भारतीय पर्यटकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. तिच्यानुसार एका देशाच्या पर्यटक व्हिसावर दुसऱ्या देशातही जाता येते, पण ज्या देशाने व्हिसा दिला त्याच देशात आधी उतरावे लागते. तुम्ही ब्रिटनचा व्हिसा घेऊन आखातामार्गे थेट डब्लिनला निघालात, तर विमानतळावरच अडचण उभी राहील. म्हणून आधी लंडन, मग डब्लिन. अर्ज भरण्याच्या दिवशी दोन्ही सरकारांच्या संकेतस्थळांवरील नियम स्वतः वाचा, कारण ब्रिटनमध्ये व्हिसाची पद्धत कागदाकडून डिजिटल नोंदीकडे वळत आहे. प्रवासाच्या आराखड्यात उत्तर आयर्लंडचाही उल्लेख करा. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंगडमचा भाग असून आयर्लंडच्या सीमेवर चौकी नाही, परंतु चौकी नाही म्हणून परवानगी लागत नाही, असा समज करून घेऊ नका. पासपोर्ट सतत जवळ असू द्या. विमानाचे तिकीट जाताना मुंबई-लंडन आणि येताना डब्लिन-मुंबई असे एकत्र काढता येते, म्हणजे परतीसाठी पुन्हा लंडनला जायला नको. व्हिसा हाती येईपर्यंत मात्र पैसे परत न मिळणारे कोणतेही तिकीट काढू नका.

आता आराखडा. लंडनमध्ये सहा रात्री, इंग्लंडच्या वायव्येकडील लेक डिस्ट्रिक्ट या डोंगर-तळ्यांच्या प्रदेशात चार, वाटेत चेस्टरला एक, डब्लिनला तीन, बेलफास्टला दोन, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवेला चार आणि शेवटची रात्र परत डब्लिनला. हे करताना मी यॉर्क, बाथ, ऑक्सफर्ड आणि आयर्लंड बेटाचा सगळा दक्षिणेकडचा भाग गाळला आहे. यॉर्क गाळताना माझाही जीव थोडा खालीवर झाला, पण दर दोन दिवसांनी बॅग भरायची असेल तर सहल कंपनी काय वाईट होती? एकटीच्या प्रवासात सगळ्यात जास्त थकवा चालण्याचा येत नाही. नव्या गावात उतरून घर शोधणे, किल्ली घेणे आणि जवळ दुकान कोठे आहे ते पाहणे, हे सगळे एकटीनेच करायचे असते आणि त्याचा थकवा येतो. चार दिवस एका जागी राहिले, की दुसऱ्या दिवसापासून ते गाव ओळखीचे होते.

लंडनमध्ये सुरुवात ग्रिनिचपासून करा. टेम्स नदीतून बोटीने जाता येते आणि थोडा चढ चढला की शाही वेधशाळेच्या आवारात शून्य अंश रेखावृत्ताची रेषा आहे. १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत याच रेषेला मूळ रेखावृत्त मानण्याचे ठरले. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावरून घेतली जाते आणि एका अंशाला चार मिनिटे धरली की साडेपाच तास होतात, हे गणित तुम्ही किती वर्गांना घातले असेल! त्या गणिताचा एक पाय तेथे जमिनीत बसवलेला आहे. रेषेवर उभे राहून मोबाईल पाहाल, तर त्यावर शून्य दिसणार नाही. उपग्रहांवर आधारलेली आजची मापनपद्धती जे रेखावृत्त धरते, ते या रेषेच्या सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे. इतक्या दूर जाऊन हे न पाहता परतणारे पुष्कळ आहेत. तुम्ही ते १०२ मीटरही चालून या.

दुसरा दिवस खडूसाठी ठेवा. लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून ईस्टबोर्नला सुमारे दीड तासात गाडी पोहोचते आणि तेथून बसने ‘सेव्हन सिस्टर्स’ या खडूच्या सागरी कड्यांच्या उद्यानापाशी उतरता येते. कड्यांवर चढण्याची गरज नाही. बसथांब्यापासून समुद्रापर्यंत कुकमिअर नदीच्या काठाने जवळजवळ सपाट वाट जाते. ही नदी इतकी ठळक नागमोडी वळणे घेते, की पुस्तकातील आकृती येथूनच घेतली असावी असे वाटते. वाटेच्या शेवटी पांढरेशुभ्र कडे दिसतात. आज शाळेत वापरला जाणारा खडू बहुधा जिप्समचा असतो, पण हा खरा खडू आहे. क्रिटेशियस काळातील समुद्रात सूक्ष्म शैवालांची कवचे तळाशी साचून तो बनला. किनाऱ्यावर पडलेला तुकडा उचलून बोटांवर घासा, बोटे तशीच पांढरी होतात. मी तेथे गेले त्या दिवशी माझ्या शेजारी एक वृद्ध शिक्षिका उभ्या होत्या आणि त्यांनीही न बोलता हेच केले. फक्त कड्याच्या वरच्या काठाजवळ किंवा अगदी पायथ्याशी थांबू नका, कारण तेथे दरडी अचानक कोसळतात.

लंडनचे बाकी दिवस तुमच्या आवडीने घालवा. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम येथील कायमस्वरूपी दालनांना प्रवेशशुल्क नाही, त्यामुळे पाय दुखले तर तासाभरात बाहेर पडून दुसऱ्या दिवशी परत जाता येते. प्रिमरोझ हिलजवळच्या किंग हेन्रीज रोडवरील १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ साली राहत होते. महाराष्ट्र शासनाने ते घर २०१५ साली विकत घेतले असून तेथे संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी ते उघडे असण्याची वेळ पाहून घ्या.

लेक डिस्ट्रिक्टसाठी लंडनच्या यूस्टन स्थानकावरून ऑक्सनहोमला आणि तेथून छोट्या गाडीने विंडरमियरला जायचे. मुक्काम अँबलसाइडला केलात, तर केंडल, ग्रासमियर आणि केसिक यांना जोडणारी ५५५ क्रमांकाची बस दाराशी मिळते आणि डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर पुढे बसले, की चार पैशांत सारी दरी डोळ्यांखालून जाते. येथे तुम्हाला मी काही सांगावे असे नाही. मध्यभागी उंच भाग आणि तेथून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर गेलेल्या दऱ्या, म्हणजे केंद्रत्यागी नदीप्रणाली. त्या दऱ्या हिमनद्यांनी खोदून यू आकाराच्या केल्या, वर हिमगव्हरे आणि लोंबत्या दऱ्या राहिल्या, आणि तळाशी लांबट तळी साचली. विंडरमियर हे त्यांतील सर्वांत मोठे, सुमारे १७ किलोमीटर लांबीचे. बोटीतून फिरताना हे सगळे बसल्या जागी दिसते, त्यामुळे गुडघ्यांवर उपकार होतील. पाऊस येईल. तो आपल्या मृगासारखा नसतो. दहा मिनिटे पडतो, वीस मिनिटे थांबतो आणि पुन्हा येतो. छत्रीपेक्षा टोपी असलेला चांगला रेनकोट घ्या, कारण पश्चिम किनाऱ्यावरचा वारा छत्री उलटी करतो.

चेस्टरला एक रात्र थांबून सकाळी होलीहेडची गाडी धरा. ही गाडी वेल्सच्या उत्तर किनाऱ्याने जाते. कॉन्वीचा किल्ला रुळांना अगदी लागून आहे आणि बराच वेळ समुद्र सोबत असतो, म्हणून समुद्राच्या बाजूची, म्हणजे जाताना उजव्या हाताची खिडकी धरा. होलीहेडहून डब्लिनची मोठी बोट सव्वातीन तासांच्या आसपास घेते आणि रेल्वे व बोट यांचे एकत्रित तिकीट मिळते. विमान स्वस्त पडेल असे तुम्हाला कोणी सांगेल. विमानतळावर जाण्यायेण्याचा वेळ आणि बॅगेचे पैसे धरले, तर फरक फारसा उरत नाही, आणि बेट सोडून दुसऱ्या बेटाकडे जाताना मागचा किनारा बुडत जाणे आणि पुढचा वर येणे हे विमानातून दिसत नाही.

डब्लिनहून एक दिवस न्यूग्रेंजला जा, पण त्याचे आरक्षण आधी करा. इ.स.पूर्व ३२०० च्या सुमारास, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांच्याही आधी, बांधलेले ते दगडी दफनस्थान आहे. आतल्या दालनाकडे जाणारी वाट १९ मीटर लांब आणि अरुंद आहे. दाराच्या वर एक झरोका ठेवलेला आहे. २१ डिसेंबरच्या आसपास, दक्षिणायन संपते त्या दिवसांत, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून थेट आतल्या दालनापर्यंत जातो आणि सुमारे १७ मिनिटे तेथे राहतो. मे महिन्यात सूर्य दिसणार नाही, पण मार्गदर्शक सगळे दिवे घालवून विजेच्या दिव्याने तो किरण दाखवतात. अंधारात जमिनीवरून सरपटत येणारी ती पिवळी रेघ पाहताना आमच्या गटातील कोणीही बोलले नाही. पाच हजार वर्षांपूर्वी ज्यांना अयनदिन इतका नेमका ठाऊक होता, त्यांच्याविषयी तुम्हाला काय वाटते, ते मला नक्की कळवा. शहरात परतल्यावर डब्लिन कॅसलच्या आवारातील चेस्टर बीटी संग्रहालय पाहा. प्रवेश विनामूल्य आहे आणि तेथील संग्रहात मुघल लघुचित्रेही आहेत.

बेलफास्टला डब्लिनहून रेल्वेने दोन-सव्वादोन तास लागतात. दुसऱ्या दिवशी कोलरेनपर्यंत रेल्वे आणि पुढे बस, असे जायंट्स कॉजवेला जाता येते. स्वागतकेंद्राचे तिकीट सशुल्क आहे, परंतु खांबांपर्यंत पायी जायला पैसे पडत नाहीत. उतार साधारण एक किलोमीटरचा आहे आणि परतीच्या चढासाठी छोटी बस मिळते, ती जरूर घ्या. तेथे सुमारे ४० हजार खांब आहेत. बहुतेक सहा बाजूंचे आहेत, पण पाच आणि सात बाजूंचेही सापडतात. विद्यार्थी सोबत असते, तर तुम्ही त्यांना मोजायलाच बसवले असते. कित्येक खांबांचे माथे बशीसारखे किंचित खोलगट असून त्यांत पावसाचे पाणी साचलेले असते. समुद्राजवळचे काळे, ओले खांब अतिशय निसरडे असतात, त्यांवर पाय ठेवू नका. मग मागे वळून कड्याकडे पाहा. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये एक तांबडा पट्टा आडवा गेलेला दिसेल. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात खडक कुजून झालेली ती माती आहे. आपल्या सह्याद्रीच्या घाटांत रस्त्याच्या कापात असे तांबडे थर दिसतात. आपला दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आणि हा सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वीचा. उगम वेगळा, पण थंड होताना आकसून तडकण्याची रीत एकच. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी किंवा पन्हाळ्याजवळच्या बांदिवड्याचे खांब तुम्ही पाहिले नसतील, तर निघण्यापूर्वी एकदा पाहून या. सांगलीहून पन्हाळा काही दूर नाही, आणि मग कॉजवेला तुम्ही पाहुणी म्हणून न जाता ओळख काढत जाल.

गॉलवेहून ‘बरेन’ला जायला मे हाच महिना. चुनखडीच्या राखाडी फरश्या मैलोन्मैल पसरलेल्या आहेत आणि त्यांच्या भेगांत निळ्या रंगाची जेन्शियनची फुले उमलतात. आर्क्टिककडच्या आणि भूमध्य सागराकडच्या वनस्पती तेथे एकाच भेगेत शेजारी वाढतात. त्याच दिवशी मोहेरचे २१४ मीटर उंचीचे कडेही पाहून होतात.

खर्चाविषयी थोडक्यात. ब्रिटनमधील लांब पल्ल्याची रेल्वेतिकिटे साधारण १२ आठवडे आधी खुली होतात आणि लवकर घेतली तर निम्म्याहून कमी दरातही मिळतात, परंतु ती त्याच गाडीपुरती असतात. साठ वर्षांवरील व्यक्तीला सीनियर रेलकार्ड काढून एकतृतीयांश सवलत मिळते आणि ते पासपोर्ट दाखवून पर्यटकांनाही काढता येते. लंडनमध्ये बस आणि भुयारी रेल्वेसाठी वेगळे तिकीट लागत नाही, तेच एक बँककार्ड प्रत्येक वेळी टेकवायचे. ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडमध्ये पौंड, तर आयर्लंडमध्ये युरो चालतो. विजेची तीन चौकोनी पिनांची जोडणी दोन्ही देशांत एकच, त्यामुळे एकच अडॅप्टर पुरेल. उपचारांचा खर्च मोठा असतो, म्हणून प्रवासविमा घ्याच. गोळ्या मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या.

बॅग अशी घ्या, की ती तुम्हाला स्वतःला उचलून तीन पायऱ्या चढता येतील. पहिल्या खेपेस मी २४ किलोची बॅग नेली होती. एका लहान स्थानकावर लिफ्ट बंद होती आणि हमाल हा प्रकारच तेथे नाही. एका तरुणाने बॅग वर नेऊन दिली म्हणून गाडी मिळाली, पण गुडघा पुढे चार दिवस सुजला होता.

शाकाहाराची काळजी तुम्हाला वाटते तेवढी नाही. उपाहारगृहांच्या यादीत शाकाहारी पदार्थांपुढे खूण असते. भाजलेल्या बटाट्यावर बीन्स किंवा चीज घालून मिळणारे जेवण सर्वत्र असते, आणि आयर्लंडमध्ये भाज्यांचे सूप व सोडा ब्रेड यांवर दुपार निभावते. सूप कोंबडीच्या पाण्यात केलेले नाही ना, एवढे विचारा. सकाळची न्याहारी पोटभर करा. तूप, पेढे, खव्याची मिठाई आणि तुपातले लाडू मात्र बॅगेत घालू नका, कारण भारतातून दुग्धजन्य पदार्थ नेण्यास दोन्ही देशांत मनाई आहे. मेतकूट आणि चटणी न्या, आणि दशम्यांऐवजी तेलावरच्या कडक पुऱ्या. युथ होस्टेल म्हणजे तरुणांचेच, असेही समजू नका. वयाची अट नसते, बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र खोल्या मिळतात आणि स्वयंपाकघर वापरता येते, म्हणजे रात्री मऊ भात करता येतो.

बोलण्याच्या भीतीबद्दल एवढेच सांगते, की तेथे माणसे आपले व्याकरण तपासत नाहीत. इंग्लंडमध्ये दुकानदार ‘यू ऑल राइट?’ असे म्हणतो, तेव्हा तो तुमच्या प्रकृतीची चौकशी करत नसतो, तो त्यांचा नमस्कार असतो. पश्चिम आयर्लंडचे लोक भरभर बोलतात. तेथे ‘पुन्हा सांगाल का’ असे विचारले, की ते आनंदाने थांबतात आणि मग दहा मिनिटे सोडत नाहीत.

आता ज्याविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण मला सांगायलाच हवे, असे एक. एकटीच्या प्रवासात दिवस जड जात नाही, संध्याकाळ जाते. संग्रहालये साधारण पाच-साडेपाचला बंद होतात आणि मे महिन्यात गॉलवेला सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. मधले चार तास उजेड असतो, सगळीकडे जोडपी आणि कुटुंबे जेवत असतात, आणि दिवसभर जे पाहिले ते सांगायला समोर कोणी नसते. तुमच्या बाबतीत ती रिकामी खुर्ची कोणाची, हे मला पत्रावरून कळते. पहिल्या दोन-तीन संध्याकाळी रडू येईल, ते येऊ द्या. त्यावरून आपण येऊन चूक केली, असा निष्कर्ष मात्र काढू नका. त्या वेळेला आधीच काहीतरी नेमून ठेवा. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये बहुतेक दिवशी संध्याकाळी गायनासह प्रार्थना असते. तिला कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला बसता येते आणि एरवी भरावे लागणारे महागडे प्रवेशशुल्क त्या वेळी पडत नाही. चेस्टरच्या कॅथीड्रलमध्येही अशी प्रार्थना होते. गॉलवेमध्ये पबमध्ये फिडल आणि बासरी घेऊन वादक एका टेबलाभोवती बसतात, काही ठिकाणी सहा-साडेसहालाच. पबमध्ये जायला संकोच वाटू देऊ नका. काउंटरवर चहा किंवा लिंबाचे पेय मागा, पैसे तेथेच द्या आणि कोपऱ्यात बसा. मद्य न घेणाऱ्या, एकट्या बसलेल्या बाईकडे तेथे कोणी वळून पाहत नाही. आणि रोज रात्री वहीत एक पान लिहा, शक्य तर आकृतीसह.

मुलाची काळजी प्रेमाची आहे, तिच्याशी वाद घालू नका. त्याच्यासमोर नकाशा पसरा, प्रत्येक मुक्कामाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद त्याला द्या आणि मोबाईलवर तुमचे ठिकाण त्याला दिसेल अशी सोय त्यालाच करून द्यायला सांगा. तातडीच्या मदतीसाठी दोन्ही देशांत ९९९ आणि ११२ हे क्रमांक चालतात, तेही त्याला दाखवा. फोनची वेळ आत्ताच ठरवा. उन्हाळ्यात तेथील घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे फरक साडेपाच तासांऐवजी साडेचार तासांचा राहतो. तुमचे सायंकाळचे पाच म्हणजे त्याचे रात्रीचे साडेनऊ. ती संध्याकाळ जड होऊ लागण्याची नेमकी वेळ आहे, आणि त्याचे जेवण आटोपलेले असेल.